आईवर लिहायचंय आणि ‘प्रेमळ’च्या पुढे सरकत नाहीये? मी काय केलं ते सांगते

आई गेली तेव्हा ८९ वर्षांची होती. चार-पाच दिवसांनी दादा म्हणाला, तुला लिहायची सवय आहे तर तू आईवर चार पानं लिही, आपण छोटीशी पुस्तिका काढू आणि जे जे तिला ओळखत होते त्यांना देऊ. मी म्हटलं त्यात काय, आईवरच तर लिहायचंय, एका बैठकीत होईल. लॅपटॉप उघडला आणि पहिलं वाक्य टाइप केलं, "आमची आई अतिशय प्रेमळ, कष्टाळू, शिस्तप्रिय होती आणि तिला समाजसेवेची मनापासून आवड होती." ताईला वाचून दाखवलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, चांगलंय गं, पण ही कुणाची आई?

तिथून पुस्तिका छापून हातात यायला आठ महिने लागले. मधे चुका भरपूर झाल्या, काही गोष्टी फार उशिरा सुचल्या. तुमचीही आई, आजी किंवा मावशी अशीच असेल, शाळेत शिकवलं, घर सांभाळलं, निवृत्त झाल्यावर कुठेतरी पैसे न घेता काम करत राहिली आणि भरपूर जगली, आणि आता तिच्यावर लिहायची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली असेल, तर हे वाचा. माझे आठ महिने तुमचे तीनवर यावेत एवढीच इच्छा.

पहिले पंधरा दिवस लिहू नका, गोळा करा

वही घ्या, फोनमधल्या नोट्स वापरा, नाहीतर स्वतःलाच मेसेज टाकत बसा, जे सोपं पडेल ते. जे आठवेल ते त्या क्षणी टाकायचं, क्रम नको, वाक्य पूर्ण नको, हे छापण्यासारखं आहे का असला विचार तर अजिबात नको. माझ्या वहीचं पहिलं पान असं आहे: चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर. लाल पेनचं टोपण दातात. फोनवर शेवटी ‘ठेवते’ कधीच नाही, ‘चल’. पाऊस आला की आधी खिडक्या, मग माणसं. रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायची आणि शुद्धलेखनाच्या चुका आम्हाला विचारायची, आम्ही चाळिशी ओलांडल्यावरसुद्धा.

घाई का करायची सांगते. हर्मान एबिंगहाउस नावाचा एक जर्मन मानसशास्त्रज्ञ होता, त्याने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग छापले आणि दाखवलं की विसरणं सुरुवातीला धडाधड होतं, नंतर मंदावतं. आता तो बिचारा निरर्थक अक्षरं पाठ करत होता, आईच्या आठवणी काही तशा नसतात, मोठ्या गोष्टी कुठे जात नाहीत. पण त्या आठवड्यात भेटायला आलेल्या कुठल्या बाईंनी कुठला किस्सा सांगितला, आईच्या जुन्या मैत्रिणीने जाता जाता दारात उभं राहून काय सांगितलं, ते मात्र असंच धडाधड जातं. माझं गेलं. दोन बायका येऊन गेल्या, एकीने आईच्या नाटकातल्या कामाबद्दल काहीतरी सांगितलं होतं, आई नाटकात होती हेच मला नवीन होतं, आणि महिन्याभराने मला त्या बाईंचा चेहरा आठवतोय, गोष्ट नाही. नावही विचारून ठेवलं नव्हतं.

दुसरं, भावंडांनी एकत्र बसून आठवणी काढायच्या नाहीत. म्हणजे बसा, हसा, रडा, ते वेगळं, पण लिहायचा मजकूर आधी प्रत्येकाने आपापला लिहून काढायचा आणि मग एकमेकांना दाखवायचा. कारण एकाने जोरात सांगितलं की बाकीच्यांच्या डोक्यातलं पुसलं जातं आणि आपण त्याचंच खरं म्हणून सांगायला लागतो. फ्रेडरिक बार्टलेट या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये छापलेले प्रयोग आहेत, त्यात लोकांना एक परक्या मुलखातली लोककथा वाचायला देऊन नंतर आठवून सांगायला लावली होती, तर सील मारायला निघालेली माणसं सांगणाऱ्यांच्या तोंडी मासे पकडायला गेली. ऐकणाऱ्याला जे ओळखीचं तिकडे गोष्ट आपोआप सरकते. घरात हेच होतं, फक्त सीलच्या जागी आई असते.

आमच्याकडचंच बघा. मी पाच वर्षांची असताना जिन्यावरून पडले आणि कपाळ फुटलं. दादाच्या कागदावर तो धावत शाळेत जाऊन आईला घेऊन आला. ताईच्या कागदावर ती गेली होती, दादा घरात रडत बसला होता. पडले मी होते आणि मला दोघांपैकी कोणीच आठवत नाही, आठवतो तो आईचा हात, बोटांना खडू लागलेला, आणि ती कपाळ दाबतेय तर तो पांढरा खडू रक्तात मिसळून गुलाबी झालेला. पुस्तिकेत आम्ही तिघांचं तसंच ठेवलं. कोणाचं बरोबर हे ठरवायला बसलो असतो तर भांडण झालं असतं आणि तो खडू राहून गेला असता.

तुम्हाला आई किती माहीत आहे याचा हिशोब

हा हिशोब कागदावर करा, जरा धक्का बसतो. मी झाले तेव्हा आई ३३ वर्षांची होती. माणसाची पहिली पक्की आठवण साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षाची असते, म्हणजे तिची पहिली ३६-३७ वर्षं मी पाहिलेलीच नाहीत. बाविसाव्या वर्षी मी घर सोडलं. एका घरात राहून, डोळे उघडे ठेवून मी तिला पाहिलं ते जेमतेम १८ वर्षं. ८९ पैकी १८. आणि मी निघाले होते ‘आमची आई’ या विषयावर चार पानं लिहायला.

म्हणून फोन करावे लागतात, आणि फोन करताना वयाचा क्रम धरा, सगळ्यात वयस्कर माणूस आधी. मी उलटं केलं, जे जवळचे, बोलायला सोपे, त्यांच्यापासून सुरुवात केली आणि आईच्या पहिल्या शाळेतल्या एक सहकारी बाई, वय ९१, त्यांना शेवटी ठेवलं. जेव्हा फोन केला तेव्हा त्यांच्या सुनेने सांगितलं की आता त्या कोणाला ओळखत नाहीत. दोन महिन्यांपूर्वी ओळखत होत्या. माणूस खूप जगला की त्याचे साक्षीदार आधीच निघून गेलेले असतात, उरलेले मोजके, त्यामुळे इथे भिडस्तपणा उपयोगाचा नाही, आठवणींची वही हातात घेतली त्याच आठवड्यात फोन लावायचा.

फोनवर काय विचारायचं? "आई कशी होती हो?" हे तर विचारूच नका. उत्तर ठरलेलं आहे, ‘फार चांगल्या होत्या’. जागेबद्दल विचारा, वस्तूबद्दल विचारा, वेळेबद्दल विचारा. स्टाफरूममध्ये ती कुठल्या खुर्चीवर बसायची, असा एक प्रश्न मी सहज विचारला आणि समोरून कळलं की खिडकीजवळच्या, कारण तिथून फाटक दिसायचं आणि उशिरा येणारी पोरं टिपता यायची, आणि मग त्यातल्या एका पोराची अख्खी गोष्ट आली, तो उशिरा का यायचा, आईने त्याच्या घरी जाऊन काय पाहिलं, वीस मिनिटं. चिडली की काय करायची? तिला काय जमायचं नाही? कोणाशी पटायचं नाही? शेवटचं बोलणं कशावर झालं? हे चार प्रश्न मला सगळ्यात जास्त देऊन गेले.

उत्तर संपलं असं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात दहापर्यंत मोजा. ती शांतता आपल्याला जड जाते पण समोरच्याला खरी गोष्ट त्या शांततेतच सुचते. रेकॉर्ड करणार असाल तर आधी विचारा, आणि ते रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच तारखेसकट बोलून ठेवा. पाऊण तासाच्या वर एका दिवशी नको, वयस्कर माणूस दमतो आणि दमल्याचं सांगत नाही.

ज्यांची आई अजून आहे त्यांनी हे सगळं बाजूला ठेवून आधी तिच्याजवळ बसा, हा भाग तुमच्यासाठीच. चाळिशीनंतर माणसाला आपल्या साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षातल्या गोष्टी जास्त आठवतात असं संशोधन सांगतं, आणि नेमकी तीच वर्षं आपण पाहिलेली नसतात, म्हणजे जे तुमच्याकडे नाही ते तिच्याकडे भरपूर आहे. विसरायला लागली असेल तरी घाबरू नका, ‘काल कोण आलं होतं’ असलं काही विचारून तिची परीक्षा घेऊ नका, शाळेची वाट विचारा, लहानपणचं घर विचारा. नव्या आठवणी आधी जातात, जुन्या उशिरापर्यंत टिकतात, हे रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ मध्येच लिहून ठेवलंय. आईच्या शेवटच्या वर्षात मला हे माहीत नव्हतं. मी रोज फोनवर विचारायचे, सकाळी गोळी घेतलीस का, आणि ती गोंधळायची, आणि मग मी चिडायचे.

‘बाई’ शोधणं

घरात ती तिघांची आई होती. शाळेत ३४ वर्षं, एका वर्गात सरासरी ४५ मुलं धरली आणि दरवर्षी एकच वर्ग तिचा स्वतःचा धरला तरी १५३० होतात, ती सगळी तिला ‘बाई’ म्हणायची. या दोन वेगळ्या बायका असतात हे मला विद्यार्थ्यांशी बोलल्यावर कळलं. घरात आई हळू बोलायची. एक विद्यार्थी म्हणाला, बाईंचा आवाज तीन वर्ग सोडून ऐकू यायचा.

विद्यार्थी सापडणं आता अवघड नाही, जुन्या बॅचचे व्हॉट्सअॅप ग्रुप असतात, एक माणूस सापडला की तो चार जणांना जोडून देतो. पण ग्रुपवर ‘बाईंच्या आठवणी पाठवा’ असं टाकलंत तर दोनशे हात जोडलेले इमोजी येतील आणि हाताला काही लागणार नाही. मी एकच प्रश्न टाकला: "बाईंचं कुठलं एक वाक्य किंवा कुठली एक कृती तुम्हाला अजून आठवते? दोन ओळी पुरे, चांगलंच असलं पाहिजे असं नाही." त्या शेवटच्या अर्ध्या वाक्यामुळे काम झालं. ४१ उत्तरं आली.

एकीने लिहिलं की न केलेल्या गोष्टीसाठी बाईंनी तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं, खरं कळल्यावर दुसऱ्या दिवशी हजेरी घ्यायच्या आधी अख्ख्या वर्गासमोर तिची माफी मागितली. हे वाचून आम्ही खूश. मग एकाने लिहिलं, बाईंनी मला एकदा फळ्यासमोर ‘ढ’ म्हटलं होतं, ते मी अजून विसरलो नाही, पण मी नंतर स्वतः शिक्षक झालो आणि तो शब्द मी कधी वापरला नाही. ताई म्हणाली हे नको छापायला. दादा म्हणाला छापायचंच. तीन आठवडे हा वाद चालला, शेवटी मी त्या गृहस्थांनाच फोन करून विचारलं, ते म्हणाले नाव न घालता छापा, बाईंना पण चाललं असतं. छापलं. आणि पुस्तिका वाचून सगळ्यात जास्त लोक त्याच पानाबद्दल बोलले, कारण त्या पानामुळे आजूबाजूची चांगली पानं खरी वाटायला लागली. माझं स्पष्ट मत आहे, ज्या लेखात एकही ओरखडा नाही त्यातली आई फोटोफ्रेममधली असते.

कागदपत्रं शोधताना प्रमाणपत्रं आणि शाली-श्रीफळाचे फोटो बाजूला ठेवा, टाचणवह्या शोधा, म्हणजे धडा कसा शिकवायचा ते शिक्षक आधी लिहून काढतात त्या वह्या. शिक्षकांच्या घरात त्या कुठेतरी माळ्यावर असतातच. आईच्या टाचणवह्यांमध्ये धड्याचं टाचण तर होतंच, ते कोरडं, नेहमीचं, पण प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने बारीक अक्षरात मुलांची नावं आणि पुढे एकेक शब्द. एका नावापुढे ‘चष्मा?’. एकापुढे ‘घरी कोण?’. एकापुढे ‘अक्षर - डावरा आहे, सोडून द्या’. एकापुढे नुसतं ‘हसत नाही’ आणि त्याच्याच खाली दुसऱ्या तारखेला, वेगळ्या पेन्सिलीने, ‘हसला’. ‘शिस्तप्रिय’ आणि ‘मुलांवर जीवापाड प्रेम’ हे दोन्ही शब्द मी त्या दिवशी मजकुरातून उडवले आणि त्या पानाचा फोटो टाकला. मुलांची नावं मात्र झाकली, ती मुलं आता साठीची असतील आणि ‘घरी कोण?’ हा त्यांचा खाजगी मामला आहे.

पैसे न घेता केलेलं काम कसं लिहायचं

इथे बहुतेक लोक पदांची यादी देतात, अमुक समितीची सदस्य, तमुक मंडळाची कार्यवाह. वाचणारा ती ओळ ओलांडून पुढे जातो. मोठी पदं ज्यांच्याकडे असतात त्यांची नावं कुठेतरी छापलेली असतातच, स्वयंसेवकाचं खरं काम कुठेच नोंदलेलं नसतं, कुलूप कोण उघडायचं, खुर्च्या कोण उचलायचं, न आलेल्या माणसाला फोन कोण करायचं. म्हणून एकच दिवस निवडा आणि तो दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत लिहा.

आमची आई निवृत्तीनंतर २२ वर्षं अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची, सुरुवातीला कॅसेटवर, नंतर कॉम्प्युटरवर. दर शनिवारी दुपारी. पुस्तकातला मजकूर वाचणं सोपं, तिला खरा घाम फुटायचा तो आकृत्या आणि नकाशे सांगताना. हृदयाची आकृती, बाण कुठून कुठे जातात, जे दिसतंय ते न दिसणाऱ्याला शब्दात कसं द्यायचं, यासाठी ती शुक्रवारी रात्री डोळे मिटून स्वतःशीच बोलत बसायची, आम्हाला वाटायचं आईचं काहीतरी बिनसलंय. हे मी तिच्याबरोबर रेकॉर्डिंग करणाऱ्या एका काकांकडून समजून घेतलं, नाहीतर माझ्या लेखात ‘अंध विद्यार्थ्यांसाठी मोलाचे कार्य’ एवढंच गेलं असतं.

एक पथ्य पाळा, तिने ज्यांना मदत केली त्यांची ओळख कळेल असं काही लिहू नका, त्यांनी स्वतःहून सांगितलं तर वेगळं. मदत घेणाऱ्यालाही अब्रू असते.

आणि त्या शनिवारांचा दुसरा भागही आहे. माझ्या मुलाच्या पहिल्या स्टेज प्रोग्रामला आई आली नाही, कारण शनिवार होता आणि परीक्षा जवळ आल्यामुळे एक पुस्तक अर्धवट राहिलं होतं. मी चार दिवस बोलले नव्हते तिच्याशी. हे मी लिहिलं. जी बाई बाहेर इतकं देते तिच्या घरच्यांनी कुठेतरी थोडं कमी घेतलेलं असतं, ते तक्रारीच्या सुरात न लिहिता, घडलं तसं लिहायचं, दोन-तीन ओळीत, आणि पुढे जायचं.

शेवटच्या आजारपणाबद्दलही तेच. आपल्या डोक्यात ते ताजं असतं म्हणून माझ्या पहिल्या मसुद्यात सात पानांपैकी तीन पानं हॉस्पिटलची होती. ८९ वर्षांत आजारपण १४ महिन्यांचं. एक परिच्छेद पुरतो.

फोटो, कॅसेट आणि फोन

हा भाग कंटाळवाणा आहे पण इथे घोटाळा झाला की परत करता येत नाही, म्हणून नीट वाचा.

फोटो मोबाईलने पटापट काढून घेऊ नका, स्कॅनर मिळवा. साधा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. छपाईला साधारण ३०० डीपीआय लागतं, म्हणजे ६०० ला घेतलेला फोटो दुप्पट मोठा छापता येतो. पासपोर्ट साइजचा बारका फोटो, साधारण साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर, तो १२०० ला घ्या, तो चौपट म्हणजे १४ बाय १८ पर्यंत जातो. आईचा तरुणपणीचा एकमेव फोटो असाच कुठल्यातरी ओळखपत्रावरचा निघाला आणि तोच मुखपृष्ठावर गेला. जुन्या चिकट पानांचे, वर प्लास्टिकचा पारदर्शक कागद असलेले अल्बम असतील तर त्यातला गोंद पिवळा पडून फोटो खातो, ते आधी काढा, पण नखाने ओढू नका, दात साफ करायचा बारीक धागा फोटोच्या मागून हळू करवतीसारखा फिरवा. आणि एखादा फोटो निघतच नसेल तर अल्बममध्ये आहे तसाच स्कॅन करा. फोटोच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, बॉलपेन दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला वळ उठतात.

फोटो स्वच्छ करून देणारी अॅप्स आहेत, माझ्या भाच्याने एक फोटो त्यातून काढून आणला, सुंदर दिसत होता, फक्त ती आई नव्हती. अॅप न दिसणारा भाग अंदाजाने भरतं, नाक जरा सरळ केलं होतं, डोळ्याखालचा तीळ डाग समजून पुसला होता. वापरायचं तर वापरा, मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये हात न लावता ठेवा. आणि फोटो एकमेकांना पाठवताना व्हॉट्सअॅपवर साध्या फोटोसारखे पाठवू नका, दाबून लहान होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

कॅसेट सापडल्या तर आधी त्यांच्या पाठीवरचे ते दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्ड होणार नाही. मग चांगल्या प्लेअरवर एकदाच, पूर्ण, थेट कॉम्प्युटरमध्ये घ्या, एमपीथ्रीमध्ये न घेता डब्ल्यूएव्हीमध्ये, त्यात आवाज दाबून लहान केला जात नाही. ‘जरा ऐकून बघू’ म्हणून जुनी टेप पुन्हापुन्हा पुढे-मागे करू नका, तुटते.

आमच्याकडे आईचा आवाज असा कुठे नव्हताच. घरच्या व्हिडिओत ती कायम कॅमेऱ्यामागे नाहीतर ‘मला नको घेऊस’ म्हणत हात आडवा करणारी. मग त्या काकांनी नको म्हणून बाजूला ठेवलेल्या, चुका झालेल्या तीन सी-साठ, म्हणजे साठ मिनिटांच्या, कॅसेट दिल्या. आठवीचं भूगोल. आम्ही तिघं एका लॅपटॉपभोवती बसून अख्खे वारे, समुद्रप्रवाह, ज्वालामुखी ऐकले. मधेच पान उलटल्याचा आवाज, मधेच खोकला, एका ठिकाणी ती ‘आग्नेय’ म्हणायच्या ऐवजी ‘नैऋत्य’ म्हणाली आणि थांबली आणि अगदी घरातल्या आवाजात म्हणाली, "शी. परत घेते हं." दादा उठून बाहेर गेला. तर सांगायचं काय, चांगली रेकॉर्डिंग्ज बहुतेक कुठेतरी जपलेली असतात, तुम्ही त्यांच्याकडे टाकाऊ म्हणून बाजूला ठेवलेली मागा.

आईच्या फोनचं लगेच बघा. व्हॉट्सअॅपचं खातं १२० दिवस वापरलं नाही तर साधारण डिलीट होतं, आणि सिमकार्ड बंद केलं की तो नंबर काही काळाने दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, त्यामुळे सिम परत करायच्या आधी महत्त्वाचे चॅट एक्सपोर्ट करून घ्या, व्हॉइस मेसेजसकट. तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये तिने पाठवलेले व्हॉइस मेसेज आहेत तेही काढून ठेवा, स्टोरेज भरलं की आपणच ‘जुने मीडिया डिलीट’ दाबतो आणि मग कळतं. गूगल २०२३ च्या डिसेंबरपासून दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकतं, म्हणजे त्यातले फोटोसुद्धा. आपल्या मागे खातं कोणाच्या हाती जाईल हे जिवंतपणीच ठरवून ठेवायच्या सोयी आहेत, गूगलमध्ये इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर, आयफोनमध्ये आणि फेसबुकवर लेगसी कॉन्टॅक्ट, वयस्कर आई-वडिलांबरोबर बसून अर्ध्या तासात होतं. सगळ्या फाइल्सच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक दुसऱ्या घरात. बस.

आता लिहा

जन्मापासून सुरुवात करू नका. ‘त्यांचा जन्म अमुक साली एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला’ हे वाक्य वाचलं की वाचणारा मनातल्या मनात शेवटच्या पानावर पोचतो. गोळा केलेल्यातले पाच-सहा प्रसंग निवडा, जे दुसऱ्या कुठल्याच आईबद्दल लिहिता येणार नाहीत असे, आणि त्यातला सगळ्यात छोटा आधी ठेवा. आम्ही ‘हसत नाही / हसला’ने सुरुवात केली. तारखा, शाळांची नावं, कुठून कुठे बदली झाली, हे सगळं शेवटी एका पानावर तक्त्यासारखं द्या, ज्याला हवं तो बघेल. ते करताना कागद ताडून बघा, आमच्या आईची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक आणि तिच्या आईने सांगितलेली दुसरी, दोन्ही दिल्या आणि तसं लिहिलं.

पहिला मसुदा झाला की लाल पेन घ्या, आई शिक्षिका होती म्हणजे ते घरात असेलच, आणि प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारा. प्रत्येकाला विचारा, कशावरून? प्रसंग सांगता आला तर विशेषण काढून प्रसंग घाला. नाही सांगता आला तर विशेषण तसंही काढा. माझ्या पहिल्या पानावर १९ रेघा होत्या, छापताना दोन राहिली, त्यातलं एक ‘हट्टी’.

भाषण करायचं असेल तर गणित वेगळं. सावकाश, मधे थांबत वाचलं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे पाच मिनिटांना सहाशेच्या वर जाऊ नका, आणि घरी मोठ्याने, घड्याळ लावून, निदान तीनदा वाचा, जिथे घसा दाटतो ती जागा आधी कळलेली बरी. कागद मोठ्या अक्षरात छापून घ्या आणि एक प्रत दुसऱ्या कुणाकडे द्या, तुमच्याच्याने नाही झालं तर तो माणूस उठून पुढचं वाचेल. दादाचं दुसऱ्याच परिच्छेदाला थांबलं, उरलेलं माझ्या मुलाने वाचलं, ज्याच्या प्रोग्रामला आजी आली नव्हती त्यानेच.

ऑनलाइन टाकणार असाल तर पूर्ण जन्मतारीख, घरचा पत्ता आणि तिचं माहेरचं आडनाव एकत्र देऊ नका, आईचं माहेरचं नाव हा अजूनही कित्येक ठिकाणी सुरक्षेचा प्रश्न असतो आणि इथे धोका तिला नाही, तुम्हाला आहे. कार्यक्रमाची वेळ जाहीर करत असाल तर त्या वेळेला घरात कोणीतरी थांबवा.

छापायला द्यायच्या आधी दोन माणसांना वाचायला द्या, एक तिला चांगलं ओळखणारा आणि एक अजिबात न ओळखणारा. पहिला चुका काढेल, दुसरा कुठे कंटाळा आला ते सांगेल. फोटोखालची नावं डावीकडून उजवीकडे पुन्हा तपासा, सगळ्यात जास्त रुसवे-फुगवे तिथे होतात. आणि शेवटी दोन पानं कोरी सोडा.

ती कोरी पानं मी सहज सोडली होती, पण कामाला आली. पुस्तिका वाटून आठवडा झाला आणि आईच्या शाळेतल्या एका निवृत्त शिपाईकाकांचा फोन आला. म्हणाले सगळं छान आहे ताई, पण बाई खिडकीजवळ नाही, दारापाशी बसायच्या, आणि ती खुर्ची नव्हती, स्टूल होतं, मीच रोज पुसायचो. मी विचारलं, मग फाटक कसं दिसायचं? म्हणाले, फाटक कुठे बघायच्या त्या, फाटकाशी मी असायचो, मीच येऊन सांगायचो कोण उशिरा आलं ते. मी माझ्या प्रतीत मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलंय, तारीख घालून, आणि दादाला म्हटलंय की पुढच्या पन्नास प्रती काढायच्या आधी मला एकदा विचार.